चिरेखाणीतील कचरा डेपोचे उद्यान : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२३

नगरपरिषदेच्या बंद झालेल्या कचरा डेपोच्या जागी सार्वजनिक उद्यान करण्याच्या कामावर तांत्रिक सल्लागार म्हणून रुजू झाल्यानंतर आज मुख्याधिकारी, आरोग्य निरीक्षक आणि डेपोवर पूर्वी काम केलेले मुकादम यांच्यासह जागेची संयुक्त पाहणी केली. जागा सिंधुदुर्गातील एका खाडीकाठच्या शहराच्या हद्दीवर, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, उतारावर आहे. वरच्या अंगाला उघडा कातळ, त्याच्या कडेला बंद पडलेली चिरेखाण, खाणीखाली एक वाडी आणि तिच्या विहिरी, वाडीच्या खाली खाजण (भरतीचे पाणी येणारी खाडीकाठची जमीन) आणि कांदळवन, असा हा उतार आहे. चिरे काढून झाल्यावर राहिलेला खड्डा आयता मिळाला म्हणून शहराचा कचरा वर्षानुवर्षे तेथे पडत गेला आणि खड्डा भरल्यावर त्यावर ढीग चढत गेला. आता ओल्या कचऱ्याचे खत आणि सुक्या कचऱ्याची वर्गवारी दुसऱ्या जागी होते व घंटागाड्या इकडे येत नाहीत. ही अट आधी पूर्ण झाली नसती, तर उद्यानाचा विषय काढण्यातही अर्थ नव्हता.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. सड्यावर पडलेले पाणी त्यातून झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत पोहोचते, तेथे अडते आणि आडवे सरकत उतारावर कोठे झऱ्याच्या, कोठे विहिरीच्या रूपाने बाहेर येते. वाडीच्या विहिरींना पाणी मिळते ते याच वाटेने, आणि आपला कचरा नेमका या वाटेवर बसलेला आहे. पाहणी चालू असताना वाडीतील एक वयस्कर गृहस्थ येऊन उभे राहिले. मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना प्राथमिक आराखडा दाखवला. त्यात प्रवेशद्वाराशी कारंजे काढलेले होते. ते क्षणभर पाहून म्हणाले, “बागेचां मगे बगूया सायबानू, आदी आमच्या बावीच्या पाण्याचां काय तां सांगा.” कामाचा क्रम कसा असावा याविषयी याहून नेमकी सूचना मला आजच्या पाहणीत दुसऱ्या कोणाकडून मिळाली नाही.

२३ ऑक्टोबर २०२३

आज पर्यायांवर बैठक झाली. योगायोगाने याच महिन्यात न्यूयॉर्कमधील, कचरा डेपोच्याच जागी होत असलेल्या फ्रेशकिल्स उद्यानाच्या उत्तर भागाचा पहिला २१ एकरांचा टप्पा लोकांसाठी खुला झाला असल्याने बैठकीत त्याचेच उदाहरण पुढे आले. स्टेटन आयलंडवरील तो डेपो १९४८ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद झाला आणि त्याचा विस्तार सुमारे २,२०० एकरांचा आहे. तेथे कचरा जागेवरच ठेवून त्यावर आच्छादनाचे थर चढवले, वायू बाहेर काढण्यासाठी विहिरी आणि नळ्यांचे जाळे घातले आणि मग हळूहळू गवताळ टेकड्या तयार होऊ दिल्या. बंद झाल्यापासून या टप्प्यापर्यंत बावीस वर्षे गेली, हे मी मुद्दाम बैठकीच्या नोंदीत लिहून घेतले, कारण आपल्याकडे कामाच्या मुदतीचा रकाना महिन्यांत भरला जातो.

आच्छादनाचा मार्ग आपल्याला का परवडणारा नाही, याचे गणित मांडले. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार बंद केलेल्या भरावावर, म्हणजे कचरा भरलेल्या जागेवर, ६० सेंटीमीटर चिकणमातीचा रोधक थर, त्यावर १५ सेंटीमीटर निचऱ्याचा थर आणि त्यावर झाडोऱ्यासाठी ४५ सेंटीमीटर मातीचा थर लागतो. रोधक थराची पारगम्यता सेकंदाला एक सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी असावी लागते, म्हणजे ढोबळमानाने वर्षभरात त्यातून जेमतेम तीन सेंटीमीटर पाणी खाली जाऊ शकेल. एका हेक्टरसाठी नुसता हा थर ६,००० घनमीटर मातीचा होतो. सड्यावर अशी माती नाही. ती आणायची तर खाजणातून किंवा कोणाच्या तरी भातशेतीच्या मळ्यातून खरवडून आणावी लागेल, आणि शहराची घाण झाकण्यासाठी शेतकऱ्याच्या जमिनीची साल काढण्याच्या प्रस्तावावर मी सही करणार नाही, हे मी बैठकीत स्पष्ट सांगितले. शिवाय आच्छादनाने वरून पडणारे पाणी अडेल. कातळातून आडवे सरकत येणारे पाणी कचऱ्याच्या बुडातून वाहतच राहील.

दुसरा अडथळा कायद्याचा आहे. बंद केलेल्या भरावाची किमान पंधरा वर्षे देखभाल करावी लागते, आणि वायू व लिचेट (कचऱ्यातून झिरपून येणारे घाण पाणी) मर्यादेत असल्याची व जमीन स्थिर असल्याची खात्री पटल्यानंतरच तेथे वस्ती किंवा अन्य वापराचा विचार करता येतो. याच नियमांनी जुन्या डेपोंच्या बाबतीत आधी बायोमायनिंगची, म्हणजे साचलेला कचरा उकरून व चाळून वेगळा करण्याची, शक्यता तपासण्यास सांगितले आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये साचलेल्या कचऱ्यासाठी त्याची कार्यपद्धतीही दिली आहे. त्यामुळे कचरा उकरून, वाळवून, चाळून जागेवरून हलवायचा, खाण तळाच्या कातळापर्यंत मोकळी करायची आणि उद्यान त्यानंतर करायचे, असे ठरले. खर्चाचे शीर्ष स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मधून मिळणार आहे. नगरपरिषदेवर सध्या प्रशासक असल्याने ठराव लवकर होतात. त्यावर प्रश्न विचारणारे मात्र कोणी नसते, ही दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे.

९ नोव्हेंबर २०२३

पावसाळ्यानंतरचे पहिले नमुने घेतले. वाडीच्या विहिरी, खाणीच्या खालच्या कडेला पाझरणारा काळपट ओघळ आणि तो व्हाळाला (ओढ्याला) मिळतो तेथून पुढचे पाणी, असे तीन ठिकाणांचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले. क्लोराइड, अमोनिया, विद्राव्य क्षार, बीओडी व सीओडी (पाण्यातील सेंद्रिय प्रदूषणाची मापे) आणि जड धातू तपासण्यास सांगितले आहे. खाडीजवळच्या विहिरीत क्लोराइड आढळले म्हणजे ते कचऱ्यातूनच आले असे म्हणता येत नाही, कारण भरतीच्या पाण्याचाही अंश त्यात असू शकतो. म्हणून डेपोच्या वरच्या अंगाची एक आणि शेजारच्या उतारावरची एक अशा दोन विहिरी तुलनेसाठी घेतल्या.

ढिगात पोलादी नळी ठोकून वायूची मोजणी केली. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि नियमाने भरावाच्या जागी ते या खालच्या मर्यादेच्या चतुर्थांशापेक्षा, म्हणजे सव्वा टक्क्यापेक्षा, जास्त असता कामा नये. पृष्ठभागावर मीटरची सुई फारशी हलली नाही. ढिगाच्या मध्यभागी, नळीच्या तोंडाशी मात्र मीटर वाजू लागला. त्या भागात खोदकामाच्या आधी चर मारून काही दिवस हवा खेळू द्यायची आणि पोकलेनजवळ बिडी-काडीला सक्त मनाई करायची, असे ठरले. एका कोपऱ्यात सडक्या अंड्यासारखा वास होता. मुकादमांना विचारले असता तेथे बांधकामाचा राडारोडा आणि पीओपीच्या छतांचे तुकडे टाकले जात, असे कळले. पीओपी म्हणजे जिप्समच. ओल्या, हवा नसलेल्या जागी त्यातील सल्फेटपासून जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू जास्त प्रमाणात असला तर नाकाला त्याचा वास येणेच बंद होते, त्यामुळे त्या कोपऱ्यात वासावर न विसंबता मीटर घेऊनच उतरायचे, अशी सूचना फलकावर लिहून लावली.

१ डिसेंबर २०२३

मुंबईचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून आलो. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून असलेली ही ३७ एकरांची जागा एके काळी कचरा टाकण्याचीच होती. १९८३ मध्ये सलीम अली यांच्या हस्ते तेथे पहिले झाड लागले आणि उद्यान १९९४ मध्ये खुले झाले. मधल्या दहा-अकरा वर्षांत झाडांनी जमीन धरली. उद्घाटनाची तारीख आधी आणि रोपे नंतर, असा क्रम तेथे झाला असता तर आज तेथे एवढी सावली नसती. जवळचे उदाहरण वेंगुर्ल्याचे आहे. तेथील नगरपरिषदेने कचरा डेपोचेच स्वच्छ भारत पर्यटनस्थळ केले आणि ते टिकले याचे कारण बागेपेक्षा घराघरांतून होणाऱ्या वर्गीकरणात आहे. आपल्या सफाई कामगारांची आणि कचरावेचक महिलांची एक सहल तेथे न्यावी, असा प्रस्ताव दिला आहे.

१९ डिसेंबर २०२३

ट्रॉमेल, म्हणजे फिरत्या पिंजऱ्याची चाळणी, सुरू झाले. ढिगाचा वरचा थर उकरून त्याच्या दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या लांबट रांगा, म्हणजे विंड्रो, घातल्या होत्या. त्यांवर जैविक कल्चर फवारून त्या ठरावीक अंतराने उलटल्या, तेव्हा आतून वाफ निघत होती. ओल पुरेशी उडाल्यावरच माल चाळणीवर घेतला जातो, कारण ओलसर माती प्लास्टिकला लेपासारखी चिकटते आणि मग माती मातीत जात नाही व प्लास्टिक प्लास्टिकमध्ये जात नाही.

यंत्र पुरवणाऱ्या ठेकेदाराचा अंदाज देशावरच्या शहरांतील अनुभवावर बेतलेला होता, आणि पहिल्याच आठवड्यात तो कोकणाच्या किनाऱ्यावर आपटला. आपल्या कचऱ्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्या घाटावरच्या डेपोत इतक्या सापडत नाहीत. पहिली नारळाची सोडणे. ती वर्षानुवर्षे कुजत नाहीत आणि स्पंजासारखी ओल धरून ठेवतात, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा विंड्रो आतून ओलाच निघतो. दुसरी मच्छीमारांची टाकून दिलेली नायलॉनची जाळी. आज दुपारी कांडाळीच्या जाळ्याचा एक गोळा पिंजऱ्यात शिरला, त्याची टोके चाळणीच्या भोकांतून बाहेर आली, बाहेरच्या रोलरने ती ओढून घेतली आणि पिंजरा कुरकुरत थांबला. यंत्र बंद करून दोन कामगार कोयते घेऊन बसले. जाळ्याचे दोर, त्यांत अडकलेले बूच, शिशाच्या गुळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांची वेणीच झालेली होती, ती वीत-वीत कापून काढावी लागली. उद्यापासून ट्रॉमेलच्या आधी हाताने निवडण्याचा पट्टा ठेवण्यास ठेकेदाराला सांगितले आहे, आणि त्या पट्ट्यावर जुन्या डेपोवर भंगार वेचणाऱ्या महिलांनाच प्राधान्याने काम द्यावे असे लेखी कळवले आहे. जाळे कोठे दडलेले असते हे त्यांना पोकलेनचालकापेक्षा चांगले कळते. शिशाच्या गुळ्या वेगळ्या डब्यात जमवायच्या आहेत. त्या चाळलेल्या मातीत जाता कामा नयेत.

३० जानेवारी २०२४

चाळून निघालेल्या मालाचे तीन मुख्य भाग होतात. वजनाने सर्वांत मोठा भाग बारीक मातीचा, दुसरा दगड, विटा, काच यांचा आणि तिसरा प्लास्टिक, चिंध्या, रबर, चामडे यांचा, ज्याला आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासूनचे इंधन, म्हणतात. दगड-विटांचा उपयोग जागेवरच्या वाटांच्या भरावात होईल. अडचण आरडीएफची आहे. किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा नियमाने भरावात टाकता येत नाही. आरडीएफ प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आत असलेल्या, इंधन वापरणाऱ्या कारखान्यांनी किमान ५ टक्के इंधन त्यातून घ्यावे, असे नियम सांगतो. सिंधुदुर्गापासून १०० किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्याचा निम्मा भाग समुद्रात जातो आणि उरलेल्यात सिमेंटची भट्टी एकही नाही. माल बागलकोट किंवा कलबुर्गीच्या बाजूला पाठवावा लागणार, त्यात करूळ घाट याच महिन्यात रुंदीकरणासाठी बंद झाल्याने गाड्या फोंडा घाटाने जाणार. वाहतुकीचा खर्च मूळ अंदाजपत्रकात घाट चढून जाण्याच्या हिशेबाने धरलेला नव्हता, त्यामुळे सुधारित अंदाजपत्रक सादर केले.

हेच प्लास्टिक डांबरी रस्त्यात घालावे, अशी सूचना आली होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक वापरता येते, परंतु ते स्वच्छ आणि कोरडे असावे लागते. खाणीतून निघालेले प्लास्टिक मातीने इतके माखलेले आहे की ते धुण्यासाठी लागणारे पाणी हाच नवा प्रश्न होईल. घराघरांतून वेगळे येणारे प्लास्टिक रस्त्यांसाठी आणि खाणीतले भट्टीसाठी, अशी विभागणी केली.

२१ फेब्रुवारी २०२४

चाळलेल्या मातीचे अहवाल आले. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिसे १०० मिलीग्रॅम, कॅडमियम ५ मिलीग्रॅम, क्रोमियम व निकेल प्रत्येकी ५० मिलीग्रॅम अशा मर्यादा आहेत. बहुतेक नमुने मर्यादेत आहेत, पण राडारोड्याच्या बाजूचे आणि जुन्या बॅटऱ्या सापडलेल्या पट्ट्यातील नमुने त्यांत बसत नाहीत. ही माती ‘खत’ म्हणून शेतकऱ्यांना द्यावी, असा आग्रह एका बाजूने होता. मी त्यास नकार दिला. चांगल्या पट्ट्यातील माती उद्यानाच्या उतारांवर वापरायची, सदोष पट्ट्यातील माती वेगळी ठेवून अधिकृत भरावभूमीकडे पाठवायची, आणि कोणत्याही परिस्थितीत ती आंब्या-काजूच्या बागांत जाऊ द्यायची नाही.

यातूनच लागवडीविषयी निर्णय झाला. चाळलेली माती पसरलेल्या भागात आंबा, काजू, फणस, रातांबा अशी खाण्याची फळे देणारी झाडे लावायची नाहीत. सार्वजनिक जागेतील फळ मुले तोडणार आणि खाणार. त्यांना फलक लावून अडवता येत नाही आणि अडवूही नये. खाजणाकडच्या बाजूला उंडी, करंज आणि भेंड, उतारावर बकुळ, सातवीण, पांगारा आणि कुडा, वाटेच्या कडेला निर्गुंडी, आणि प्रवेशापाशी सुरंगी. सामाजिक वनीकरणाच्या काळापासून सड्यांवर दिसणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट आणि हवी तितकी मिळत होती, ती घेतली नाही.

१८ मार्च २०२४

लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता परवापासून लागू झाली. चालू काम चालू राहील, परंतु पुढच्या टप्प्याची, म्हणजे उतारांच्या आणि गटारांच्या कामाची निविदा आता जूनपर्यंत काढता येणार नाही, आणि जूनमध्ये काढून उपयोग नाही. पावसाआधीची अत्यावश्यक कामे सध्याच्याच कंत्राटातील तरतुदीतून बसवण्याचा प्रस्ताव आजच पाठवला.

१६ एप्रिल २०२४

सड्यावरचे गवत वाळून पार कोरडे झाले आहे. वणव्याची ठिणगी विंड्रोपर्यंत आली तर काय होईल, हे २०१६ च्या जानेवारीत मुंबईच्या देवनार कचरा डेपोच्या आगीत सगळ्यांनी पाहिले आहे. हद्दीभोवती जाळरेषा काढून घेतली, विंड्रोंमध्ये टँकर जाईल एवढे अंतर ठेवले, आणि आरडीएफच्या गाठी खाणीच्या कातळी भागात, मोकळ्या जागी हलवल्या.

खाणीची वरची भिंत आज प्रथमच पूर्ण उघडी झाली. चिरे कापणाऱ्या यंत्राच्या आडव्या रेघा एकाखाली एक इतक्या स्पष्ट आहेत की किती थर काढले ते मोजता येते. भिंतीचा वरचा भाग मूळच्या तांबूस रंगाचा आहे आणि खालचा, लिचेट साचून राहत होते तेथपर्यंतचा, काळाकुट्ट; दोहोंमधली रेघ गवंड्याने दोरी लावून आखावी तशी सरळ आहे. वास्तुविशारदांनी ही भिंत चिऱ्यांचे नवे बांधकाम करून झाकण्याचे सुचवले होते. ती आहे तशी ठेवावी, असे मी त्यांना कळवले आहे. शहराने तेथे काय केले होते ते भिंतीवर उमटले आहे आणि लोकांनी ते पाहावे.

२४ मे २०२४

आगोटीची, म्हणजे पावसापूर्वीची, कामे पूर्ण होत आली. सुमारे एक तृतीयांश ढीग अद्याप उचलायचा आहे, तो पावसात उघडा ठेवता येत नाही. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका हेक्टरवर याचे ३०,००० घनमीटर पाणी होते, आणि शंभर मिलिमीटर पावसाच्या एकाच दिवसात दहा लाख लिटर. कचऱ्यातून गेलेला त्यातला प्रत्येक थेंब लिचेट होतो. म्हणून यंदाच्या पावसाळ्यासाठी स्वच्छ पाणी आणि घाण पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढे एकच उद्दिष्ट ठेवले.

सड्यावरून उतरणारे पाणी खाणीत येण्याआधीच अडवण्यासाठी वरच्या कडेला कातळात पाट खोदला. त्याचा उतार पाहण्यासाठी वाडीतल्या जुन्या पाणक्याला बोलावले. त्याने लेव्हल मशीनच्या खुणांवर नजर टाकून दोन ठिकाणी मान हलवली आणि तेथे खरोखरच पाणी तुंबेल असे पुन्हा मोजल्यावर दिसले. पाटाच्या खालच्या बाजूला गडगा घातला आहे, चुना-सिमेंटशिवाय, नुसत्या दगडांचा, म्हणजे पाण्याचा जोर वाढला तरी ते फटींतून निघून जाईल. हा पाट खाणीला वळसा घालून थेट व्हाळात सोडला. उरलेल्या ढिगाला दोन्ही बाजूंना उतार देऊन जाड प्लास्टिक कापड अंथरले, कापडाच्या कडा चरात पुरल्या आणि वर मातीच्या गोण्या ठेवल्या. ढिगाच्या बुडाशी निघणारे लिचेट अस्तर घातलेल्या टाकीत जमते. तेथून ते टँकरने प्रक्रियेसाठी नेले जाईल.

खालच्या कुंपणाची रेषाही बदलली. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणे कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करता येत नाही. मूळ आराखड्यातील ‘खाडी दर्शन’ लाकडी मंच त्या पट्ट्यात येत होता, तो रद्द झाला. खाडी वरच्या कातळावरून अधिक चांगली दिसते.

१२ जुलै २०२४

गेल्या आठवड्यात जिल्हाभर मुसळधार पाऊस झाला. पाटाने काम चोख केले. त्यातून जाणारे पाणी पूर्ण पावसात गढूळ तांबडे होते, काळे नव्हते. ढिगावरचे कापड वाऱ्याने एका कोपऱ्यात उचलले आणि तेथे मातीचा लहानसा घसारा झाला. कामगारांनी रात्रीच गोण्या टाकून तो थांबवला. टाकीची पातळी धोक्याच्या खुणेपर्यंत चढली होती, परंतु टँकर वेळेवर मिळाला.

२२ ऑगस्ट २०२४

प्रवेशाकडचा कातळ उद्यानाच्या आराखड्यात ‘ओसाड भाग’ म्हणून दाखवलेला आहे आणि तेथे दोन फूट माती टाकून हिरवळ करण्याची तरतूद आहे. हा भाग आज पाहावा म्हणून मुख्याधिकाऱ्यांना मुद्दाम बोलावले. कातळाच्या उथळ खळग्यांत पाणी साचून त्यांच्या कडांना गेंदाची पांढरी गोंडेदार फुले उभी आहेत, त्यांच्यात सीतेच्या आसवांची जांभळी फुले, उताराकडे तेरडा. बोटाच्या पेराएवढ्या मातीवर हे सारे चालले आहे, आणि ही माती वाढवली की त्यांच्या जागी उंच गवत व झुडपे येतील. जेथे कचरा होता तेथे झाडे लावणे हे दुरुस्तीचे काम आहे. जेथे कधी कचरा पडलाच नाही त्या कातळाला दुरुस्तीची गरज नाही. चर्चेनंतर हिरवळीची तरतूद रद्द करून कातळावर पायवाटेपुरती चिऱ्यांची कड घालण्याचे ठरले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सड्यांवर कातळशिल्पे सापडत असल्याने यंत्र नेण्याआधी संपूर्ण कातळ पायी फिरून तपासला. येथे तसे काही आढळले नाही.

१ ऑक्टोबर २०२४

गणपती आटोपून सगळे कामावर परतले. दोनदा पुढे ढकललेली आराखड्याची बैठक अखेर आज झाली. मागण्यांची यादी मोठी होती : संगीत कारंजे, सेल्फी पॉइंट, ‘आय लव्ह’ लिहिलेली अक्षरे, खुली व्यायामशाळा, प्लास्टिकचे हत्ती-जिराफ. प्रत्येक मागणीपुढे मी दोनच प्रश्न लिहिले. तिला एप्रिल-मे महिन्यांत पाणी कोठून देणार, आणि तिच्या पायाखालची जमीन खचली तर तिचे काय होईल? शहराला उन्हाळ्यात नळाचे पाणी दिवसाआड मिळते, त्यामुळे कारंजे आणि विदेशी हिरवळ पहिल्या प्रश्नावरच गळाली. भराव केलेली जमीन काही वर्षे असमान खचत राहते, म्हणून तेथे काँक्रीटच्या वाटा आणि जड पाया नको. वाळूवर मोकळे बसवलेले चिरे उचलून पुन्हा समतल करता येतात. प्रसाधनगृह व पंपघर यांसारख्या बंद खोल्या कातळावरच बांधायच्या, कारण ढिगाच्या काठी वायूचा काही अंश उरला असेल तर तो अशा खोलीतच साठतो. व्यायामशाळेची उपकरणे मान्य केली. सेल्फी पॉइंटला मी विरोध केला नाही. खाणीच्या भिंतीसमोर लोक आपोआप उभे राहणारच आहेत.

२ डिसेंबर २०२४

विधानसभा निवडणूक संपली आणि दुसऱ्या हंगामाचे काम वेगाने सुरू झाले. निवड पट्ट्यामुळे ट्रॉमेल आता क्वचित अडते. आरडीएफच्या गाड्या मात्र अनियमित आहेत, आणि रचून ठेवलेल्या गाठींचा ढीग पाहून वाडीतील लोकांनी “एक ढीग काढला नि दुसरा घातला” अशी तक्रार केली, जी रास्त आहे. गाठी झाकून ठेवल्या आणि ठेकेदाराच्या पुढच्या देयकाचा काही भाग वाहतूक पूर्ण होण्याशी बांधला.

२८ मे २०२५

यंदा मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात पोहोचला आणि त्याआधीच्या आठवड्यातही पाऊस चालूच होता. जूनच्या पहिल्या आठवड्याचा हिशेब धरून आखलेले शेवटचे दोन विंड्रो चाळायचे राहिले. ते खाणीबाहेर, अस्तर घातलेल्या ओट्यावर नेऊन झाकले, ते आता नोव्हेंबरमध्येच चाळता येतील. खाणीचा तळ मात्र मोकळा झाला आहे. कातळाच्या फटींतील काळी माती हाताने खरवडून काढली आणि तळ पंपाने धुऊन ते पाणी टाकीत घेतले.

१७ जुलै २०२५

मोकळ्या खाणीत आता पावसाचे पाणी साचून तळे झाले आहे. त्यात नौकाविहार सुरू करावा, अशी मागणी तत्काळ आली. पहिल्या काही पावसाळ्यांत कातळाच्या छिद्रांतून क्षार आणि अमोनिया बाहेर येत राहणार असल्याने या पाण्याला लोकांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, असे लेखी मत दिले आहे. विहिरींच्या ताज्या अहवालांत अमोनिया पहिल्या नमुन्यांच्या तुलनेत उतरलेला आहे. डेपोच्या अगदी खालच्या विहिरीत क्लोराइड अजून तुलनेच्या विहिरींपेक्षा जास्त आहे. ते उतरेपर्यंत त्या विहिरीच्या घराचे पिण्याचे पाणी नगरपरिषदेच्या नळानेच द्यायचे, हा आदेश कायम आहे.

उतारावरची लागवड आषाढात पूर्ण झाली. रोपे तीन फुटांच्या आतबाहेर आहेत, प्रत्येकाभोवती खालच्या बाजूने दगडांची अर्धगोल कड घातली आहे आणि खड्ड्यात चाळलेल्या मातीबरोबर नगरपरिषदेच्याच ओल्या कचऱ्याचे खत घातले आहे. उंडी आणि करंज यांनी नवी पालवी धरली. बकुळीची काही रोपे वाऱ्याने वाकली, त्यांना निर्गुंडीच्या काठ्यांचा आधार दिला.

स्वातंत्र्यदिनी संपूर्ण उद्यानाचे उद्घाटन करण्याचा प्रस्ताव होता. त्याऐवजी कातळावरची पायवाट आणि खाणीच्या भिंतीसमोरचा कठडा एवढाच भाग लोकांना खुला करण्यास मी संमती दिली. उतारावरची रोपे दोन उन्हाळे तरल्याशिवाय तेथे वाट उघडू नये, अशी अट आदेशात घालून घेतली. खाणीतले तळे कुंपणाआड राहील. त्याचे आणि विहिरींचे पुढचे नमुने दिवाळीनंतर घ्यायचे असून, त्यांसाठीचा खर्च चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवण्यास लेखा विभागाला कळवले आहे.